तावून सुलाखून निघालेला धागा

लोहार विळा भट्टीत लालभडक तापवतो, ठोकून आकार देतो आणि चटकन पाण्यात बुडवतो. विळ्याला ‘पाणी’ दिले, असे आपण म्हणतो. त्यामुळे पात्याला कठीणपणा येतो. तापवून पदार्थाचे गुण बदलण्याची ही कला फार जुनी आहे. पण ती झाली लोखंडाची गोष्ट. धाग्याला कोणी भट्टीत घालत नाही. सुती दोरा ज्योतीवर धरा, क्षणात त्याची राख होते. नायलॉनचा दोरा वितळून त्याची गोळी होते.

असे असूनही एक धागा असा आहे की, त्याला सारे बळ भट्टीतच मिळते. लोखंड १,५३८ अंश सेल्सियसला वितळते. हा धागा जवळजवळ तितकाच, आणि कधी कधी त्याहून कितीतरी जास्त तापवावा लागतो. तो आहे कार्बन तंतू. विमानांचे पंख, उपग्रहांचे सांगाडे, पवनचक्क्यांची लांबलचक पाती अशा अनेक वस्तूंत आज तो वापरला जातो.

मग जितके जास्त तापवावे तितका तंतू बळकट होत असेल का? प्रश्न साधा वाटतो. पण त्याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना एक कोडे पडले, आणि ते सुटले तेव्हा पदार्थांच्या बळाविषयी एक मोलाची गोष्ट स्पष्ट झाली. विद्यार्थिमित्रांनो, ती गोष्ट आज आपण समजून घेऊ.

बळ आणि ताठरपणा

प्रथम दोन शब्दांतील फरक लक्षात घ्या. एखादी तार ओढली असता ती तुटेपर्यंत दर चौरस मीटरला जास्तीत जास्त जेवढा जोर सहन करते, त्याला तिचे ताणबल म्हणतात. ओढल्यावर तार किती कमी लांबते, हे तिच्या ताठरपणावरून कळते. हा ताठरपणा यंग गुणांकाने मोजतात. प्रतिबलाला विकृतीने भागले की यंग गुणांक मिळतो, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेच असेल.

हे दोन गुण एकच नव्हेत. खडूची कांडी चांगली ताठ असते, पण तिच्यात बळ नसते. नायलॉनचा दोर बळकट असतो, पण ताठ नसतो. ओज्याने तो बराच लांबतो. विमानाच्या पंखाला मात्र दोन्ही गुण हवेत. तो तुटता कामा नये आणि फार वाकताही कामा नये. शिवाय तो हलका असला पाहिजे.

दोन्ही गुण मोठे आहेत म्हणून येथे गिगापास्कल हे एकक वापरू. १ गिगापास्कल म्हणजे दर चौरस मीटरला १०० कोटी न्यूटन. साध्या पोलादाचा यंग गुणांक सुमारे २०० गिगापास्कल असतो आणि ताणबल सुमारे ०.४ गिगापास्कल.

पेन्सिलीतले रहस्य

कार्बन म्हटले की कोळसा किंवा पेन्सिलीचे शिसे डोळ्यांसमोर येते. त्या शिशात खरे शिसे नसतेच. ग्रॅफाइट आणि माती यांचे ते मिश्रण असते. कागदावर टेकताच झिजणारा हा पदार्थ बळकट कसा?

ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू षट्कोनांच्या जाळीत बसलेले असतात. अशा सपाट जाळ्यांचे थर एकावर एक रचलेले असतात. एका थरातील शेजारच्या दोन अणूंमधील अंतर १.४२ अँगस्ट्रॉम असते, तर दोन थरांमधील अंतर ३.३५ अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. थराच्या आतील बंध अतिशय मजबूत असतात, पण दोन थरांना एकमेकांशी धरून ठेवणारे आकर्षण अगदी क्षीण असते. म्हणून पत्त्यांच्या कॅटातील पत्ते सरकावेत तसे थर एकमेकांवरून सरकतात आणि कागदावर काळी रेघ उमटते.

म्हणजे पेन्सिलीचा मऊपणा थरांच्या मधला आहे, थरांच्या आतला नव्हे. एकच थर घेऊन तो त्याच्या पातळीत ओढला तर? २००८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात अशा एकट्या थरावर मोजमाप झाले. त्याचा यंग गुणांक सुमारे १,००० गिगापास्कल आणि ताणबल सुमारे १३० गिगापास्कल भरले. पोलादाशी तुलना करून पाहा!

हे सारे थर तंतूच्या लांबीच्या दिशेने लावता आले, तर एक असामान्य धागा मिळेल. पण कार्बनचा धागा ओढायचा कसा? काच वितळवून तिचे तंतू ओढता येतात. कार्बन मात्र नेहमीच्या दाबाखाली वितळतच नाही. ३,६०० अंशांच्या आसपास त्याची सरळ वाफ होऊ लागते. म्हणून वळसा घ्यावा लागतो. कार्बन असलेल्या दुसऱ्या पदार्थाचा धागा आधी तयार करायचा आणि मग त्यातील कार्बनखेरीज बाकी सर्व उष्णतेने हाकलून द्यायचे.

एडिसनपासून फार्नबरोपर्यंत

१८७९ मध्ये टॉमस एडिसन यांनी सुती दोरा हवेवाचून तापवून त्याचा कोळसा केला आणि तो विजेच्या दिव्यात वापरला. तोही कार्बनचाच तंतू, पण हात लागताच मोडणारा. थर होते, मात्र ते वेडेवाकडे पसरलेले होते.

१९५८ मध्ये अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीचे रॉजर बेकन यांनी उच्च दाबाच्या वायूत विद्युत्-प्रज्योत पेटवून ग्रॅफाइटचे अतिसूक्ष्म केस मिळविले. त्यांचे ताणबल २० गिगापास्कल आणि यंग गुणांक ७०० गिगापास्कल होता. हे केस मैलोन्‌मैल लांबीने काढता येण्याजोगे नव्हते. पण कार्बनच्या तंतूत किती बळ असू शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

सुमारे त्याच सुमारास जपानमध्ये ओसाका येथील सरकारी संशोधन संस्थेत अकिओ शिंदो यांनी पॉलिॲक्रिलोनायट्राइल या बहुवारिकाच्या तंतूपासून कार्बन तंतू बनविले. एकाच प्रकारचे असंख्य लहान रेणू साखळीसारखे जोडून तयार होणाऱ्या पदार्थाला बहुवारिक म्हणतात. हे नाव अवघड वाटले तरी हा पदार्थ तुमच्या परिचयाचा आहे. बाजारातील ॲक्रिलिक लोकरीचा स्वेटर मुख्यतः त्याचाच असतो. पुढे इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील शाही विमान संस्थेत विल्यम वॅट, लेस्ली फिलिप्स आणि डब्ल्यू. जॉन्सन यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत ही रीत पुष्कळच सुधारली.

भट्टीतील तीन मुक्काम

ॲक्रिलिकचा पांढरा तंतू तीन टप्प्यांनी तापवतात.

पहिला टप्पा २०० ते ३०० अंशांचा असतो. येथे तंतू हवेतच सावकाश तापवितात. तो पिवळा, मग तपकिरी आणि शेवटी काळा होतो. साखळीसारख्या रेणूंच्या बाजूचे गट एकमेकांना जोडले जाऊन शिडीसारखी रचना तयार होते. हवेतील ऑक्सिजन या कामी मदत करतो. आता तंतू वितळण्याची भीती राहत नाही. पण ही क्रिया चालू असताना तंतू आक्रसू पाहतो. त्याला आक्रसू दिले, तर आतील रेणूंची दिशा बिघडते. म्हणून तंतू ताणून धरायचा, ही फार्नबरोच्या गटाची महत्त्वाची युक्ती. त्यांनी तंतू चौकटीवर गुंडाळून तापविले. रेणू याच टप्प्यात ओळीत राहिले, तर पुढचे थरही ओळीत बसतात.

दुसरा टप्पा कार्बनीकरणाचा. आता ऑक्सिजन अजिबात नको, नाहीतर तंतू जळून जाईल. म्हणून भट्टीत नायट्रोजन भरतात आणि तापमान १,००० ते १,५०० अंशांपर्यंत नेतात. पाण्याची वाफ, अमोनिया, विषारी हायड्रोजन सायनाइड व नायट्रोजन हे वायू तंतूतून बाहेर पडतात. किती वजन शिल्लक राहील, याचा हिशेब तुम्हीही करू शकता. या बहुवारिकाच्या साखळीतील प्रत्येक घटकात कार्बनचे ३, हायड्रोजनचे ३ आणि नायट्रोजनचा १ अणू असतो. त्यांचे वजन ३६ + ३ + १४ म्हणजे ५३. त्यात कार्बन ३६, म्हणजे शेकडा ६८. काही कार्बनही वायूंबरोबर निघून जातो. त्यामुळे प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास वजन उरते.

तिसरा टप्पा ग्रॅफाइटीकरणाचा. येथे तापमान २,००० ते ३,००० अंश. इतक्या उष्णतेत नायट्रोजनचीही कार्बनशी क्रिया होऊ शकते, म्हणून आरगॉन वापरतात. थरांचे लहान लहान तुकडे एकमेकांना जुळतात, मोठे होतात आणि तंतूच्या लांबीशी अधिकाधिक समांतर होतात. क्ष-किरणांनी पाहिले तर हा बदल मोजता येतो. कार्बनीकरणानंतर थरांमधील अंतर सुमारे ३.४४ अँगस्ट्रॉम असते. तापमान वाढत जाते तसे ते ग्रॅफाइटच्या ३.३५ अँगस्ट्रॉमकडे सरकू लागते.

येथे कोडे पडते

आता आलेख काढू. आडव्या अक्षावर भट्टीचे तापमान आणि उभ्या अक्षावर तंतूचा यंग गुणांक. रेषा चढतच जाते. १,००० अंशांपेक्षा १,५०० ला जास्त, १,५०० पेक्षा २,५०० ला त्याहून जास्त. हे अपेक्षेप्रमाणेच झाले, कारण थर जितके समांतर तितका तंतू ताठर.

दुसरा आलेख ताणबलाचा. तोही आधी चढतो. परंतु १,४०० अंशांच्या आसपास त्याचे शिखर येते आणि पुढे तो चक्क उतरू लागतो! १९६० ते १९७० च्या दशकात फार्नबरोच्या पद्धतीने दोन जातींचे तंतू बनत. २,५०० अंशांच्या आसपास तापविलेली जात ताठर, पण बळाने कमी. १,५०० अंशांच्या आत तापविलेली जात बळकट, पण तितकी ताठर नव्हे. ज्याला जो गुण हवा, त्याने ती जात घ्यावी.

मोठी विचित्र गोष्ट. रचना सुधारते आहे, थर नीट लागत आहेत, मग बळ का घटावे? उष्णतेनेच तंतू दुबळा होतो, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. तो खरा होता का?

दोर कोठे तुटतो?

या प्रश्नाची किल्ली त्याच फार्नबरोत चाळीसेक वर्षांपूर्वी तयार झाली होती. तेथील ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेच्या तंतूंचे बळ मोजले आणि १९२१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे १ मिलिमीटर जाडीच्या तंतूचे ताणबल ०.१७ गिगापास्कल होते, तर ३.३ मायक्रॉन जाडीच्या तंतूचे ३.४ गिगापास्कल. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काच तीच, पण बळ वीसपट! ग्रिफिथ यांचे स्पष्टीकरण असे की, काचेत अतिसूक्ष्म चिरा असतात. चिरेच्या टोकाशी प्रतिबल एकवटते आणि तेथून तडा सुरू होतो. बारीक तंतूत मोठी चीर मावतच नाही. त्यांच्या गणिताप्रमाणे ताणबल हे चिरेच्या लांबीच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असते. चीर चौपट लांब झाली, की बळ निम्मे होते.

हे तुम्ही वर्गात करून पाहू शकता. वर्तमानपत्राच्या कागदाच्या ३ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर लांब अशा काही सारख्या पट्ट्या कापा. एक पट्टी प्रयोगशाळेतील तानकाट्याला बांधून फाटेपर्यंत ओढा आणि वाचन टिपा. दुसऱ्या पट्टीच्या कडेला मध्यावर ३ मिलिमीटरची चीर द्या आणि तशीच ओढा. रुंदी एक-दशांशाने कमी झाली. पण बळही एक-दशांशानेच कमी झाले का, ते पाहा.

दुसरा प्रयोग शिवणाच्या साध्या दोऱ्याचा. १० सेंटिमीटर लांबीचे वीस आणि १ मीटर लांबीचे वीस तुकडे घ्या आणि ते किती भाराला तुटतात याची सरासरी काढा. लांब तुकड्यांची सरासरी कमी आली, तर नवल नाही. विहिरीचा दोर जेथे झिजलेला असतो तेथेच तुटतो, आणि लांब दोऱ्यात अशी कच्ची जागा सापडण्याचा संभव अधिक. कार्बन तंतूंवरही हाच अनुभव येतो. आखूड तुकडे घेतले, की मोजलेले बळ वाढते.

ताठरपणा आणि बळ यांच्यातला खरा भेद येथे कळतो. ताठरपणा हा तंतूतील सगळ्या थरांचा मिळून होणारा गुण आहे. एखाद्या ठिकाणी दोष असला, तरी त्याने फारसा फरक पडत नाही. बळ मात्र सगळ्यांत वाईट दोषावर ठरते.

कोडे सुटले

कार्बन तंतूत हा दोष कोठून आला? फार्नबरोच्या रॉजर मोरटन आणि विल्यम वॅट यांनी भट्टीकडे न पाहता, भट्टीच्या आधी काय घडते याकडे लक्ष दिले. कापड गिरणीसाठी बनविलेल्या ॲक्रिलिक तंतूत धुळीचे कण असतात. स्वेटरला त्याने काही बाध येत नाही. पण कार्बन तंतूची जाडी सुमारे ७ मायक्रॉन! खोलीत आलेल्या उन्हाच्या कवडशात तरंगणारे धूलिकण तुम्ही पाहिले असतील. त्यांतील कितीतरी कण या तंतूहून जाड असतात. मायक्रॉनच्या काही दशांशांएवढा दोषदेखील येथे पुरेसा असतो.

मोरटन आणि वॅट यांनी बहुवारिकाचा द्राव नीट गाळून घेतला आणि धूळ काढून टाकलेल्या हवेच्या स्वच्छ खोलीत त्याचे तंतू काढले. मग ते नेहमीप्रमाणे तापविले. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा : या तंतूंचे बळ १,४०० अंशांच्या पुढे पूर्वीसारखे घसरत नाही. २,५०० अंशांनाही ते टिकते.

म्हणजे उतरणारा आलेख हा कार्बनचा स्वभाव नव्हता. तो धुळीचा प्रताप होता. कमी तापमानाला धूलिकण तंतूत नुसता अडकून बसतो. तापमान फार वाढले, की त्याची भोवतालच्या कार्बनशी क्रिया होते. उदाहरणार्थ, वाळूचा कण म्हणजे सिलिका. १,५०० अंशांच्या पुढे कार्बनशी क्रिया होऊन त्याचे सिलिकॉन कार्बाइड होते आणि कार्बन मोनॉक्साइड वायू निघून जातो. काही कणांची वाफच होते. मागे उरते पोकळी, आणि तडा जायला तेवढे निमित्त पुरते.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. मोठ्या तापमानाला थर वाढतात. त्यांतील एखादा गट तंतूच्या दिशेला तिरपा राहिला, तर ताण पडताच तो थरांच्या मधून घसरतो आणि फाटतो. पेन्सिलीच्या शिशाचा मऊपणा येथे पुन्हा डोके वर काढतो. गट जितका मोठा तितकी ती फट मोठी. डब्ल्यू. एन. रेनल्ड्स आणि जे. व्ही. शार्प यांनी १९७४ मध्येच हे स्पष्टीकरण मांडले. म्हणून स्वच्छता पाळूनसुद्धा अति ताठर तंतू आणि अति बळकट तंतू या दोन वेगळ्या जाती राहिल्याच.

आकड्यांत पाहू

जपानच्या तोरे कंपनीचा टी ३०० हा तंतू १९७१ पासून बाजारात आला. त्याचे ताणबल ३.५३ गिगापास्कल आणि यंग गुणांक २३० गिगापास्कल. त्याच कंपनीच्या टी १००० जी या तंतूचे ताणबल ६.३७ आणि यंग गुणांक २९४ गिगापास्कल. तर एम ६० जे या अति ताठर तंतूचे अनुक्रमे ३.८२ आणि ५८८ गिगापास्कल. ताणबलाला यंग गुणांकाने भागले, की तुटण्यापूर्वी तंतू किती लांबतो ते कळते. टी ३०० शेकडा १.५ लांबतो, एम ६० जे शेकडा ०.७ सुद्धा नाही. तो ताठर, पण चटकन तुटणारा.

टी ३०० चा ७ मायक्रॉनचा एक तंतू सुमारे १४ ग्रॅम वजन पेलतो. असे ३,००० तंतू एकत्र केले, तर त्या पेडाचे १ मीटर लांबीला वजन अवघे ०.२ ग्रॅम होते. सर्व तंतू सारखे ताणले गेले, तर तो पेड सुमारे ४० किलोग्रॅम वजन तोलेल! साध्या पोलादाची तितकीच जाड तार ५ किलोग्रॅमसुद्धा तोलणार नाही आणि तिचे वजन मात्र चौपटीहून जास्त भरेल.

मात्र हे बळ लांबीच्या दिशेचे आहे, हे विसरू नये. म्हणून तंतू राळेसारख्या पदार्थात वेगवेगळ्या दिशांनी बसवून त्यांचे संमिश्र करतात. भारतात घडविलेल्या ‘तेजस’ या लढाऊ विमानाचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले. त्याच्या सांगाड्यात अशा कार्बन संमिश्रांचा मोठा वाटा आहे.

आता सुरुवातीच्या एकट्या थराचे आकडे पुन्हा आठवा : यंग गुणांक १,०००, ताणबल १३०. एम ६० जे तंतूने यंग गुणांकाच्या शेकडा ५९ पर्यंत मजल मारली आहे. पण ६.३७ गिगापास्कलचा बळकट तंतू घेतला, तरी त्याने शक्य असलेल्या बळापैकी शेकडा ५ च गाठले आहे. थर ओळीत लावण्याचे काम उष्णता चोख करते. आधीपासून आत दडलेला दोष काढून टाकणे मात्र तिच्या हाती नाही. उलट ती तो उघडा पाडते. उरलेले शेकडा ९५ बळ दोषांनी अडवून धरले आहे. ते मिळवायचे तर भट्टी पेटविण्याच्या आधी द्राव गाळताना, हवा स्वच्छ ठेवताना आणि तंतू ओढताना काळजी घ्यावी लागेल. पुढच्या पिढीच्या शास्त्रज्ञांना येथे पुष्कळ काम शिल्लक आहे.